वैमानिकाची पहिली नोकरी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आरोग्यविषयक लेखाची अपेक्षा व्यक्त केली होती. ती मी अंशतःच पूर्ण करीत आहे, याबद्दल प्रारंभीच मंडळाची अनुज्ञा मागतो. मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेही नेत्रपटलविकार या विषयांवर मी याच पृष्ठांतून पुष्कळ लिहिले आहे व आपण ते सौजन्याने वाचलेही आहे. यावेळी मात्र, नेत्रतज्ज्ञ या नात्याने दरवर्षी मे-जून महिन्यांत ज्या एका प्रश्नाला मला सामोरे जावे लागते, त्याविषयी थोडे मनमोकळे लिहावे असे ठरविले आहे. बारावीचा निकाल लागला की वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, लांजी अशा गावांहून पालक आपल्या मुलाला वा मुलीला घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, याला पायलट व्हायचे आहे. डोळे चालतील का?"

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अधिक विचारला जातो, त्याला कारण आहे. गोंदियाजवळील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे व तेथे गेली कित्येक वर्षे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. आपल्याकडे बैहरजवळ बिरव्याची धावपट्टी आहे. प्रशिक्षणाची लहान विमाने वैनगंगेच्या पात्रावरून घोंघावत जातात, धानाच्या बांधावर उभा असलेला मुलगा मान वर करून पाहतो आणि त्याच्या मनात काही रुजते. त्यात वावगे काहीच नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि त्या नागपुरात १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांची टपाल-विमाने मध्यरात्री एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. तेव्हा आकाशाकडे पाहण्याची सवय या भागाला जुनीच आहे म्हणायची.

माझ्या मनात येतो तो वेगळाच विचार. पालक डोळ्यांविषयी विचारतात, शुल्काविषयी विचारतात, कोणत्या गावची अकादमी चांगली हेही विचारतात. या मुलाने आजवर हाताने काय केले आहे, कोणाची जबाबदारी सांभाळली आहे, कोणत्या छंदात तो तासन्तास रमतो, हे मात्र कोणी सांगत नाही आणि मी विचारले तर घरची मंडळी किंचित ओशाळतात. "छंद वगैरे काही नाही साहेब, फक्त अभ्यास," असे उत्तर अभिमानाने येते. एका गृहस्थांनी तर मुलगा पूर्वी सुट्टीत मामाच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात बसत असे, पण आता ते सारे बंद केले आहे, असे जणू व्यसन सोडविल्याच्या थाटात सांगितले. माझ्या मते नेमके तेच बंद करायला नको होते.

वैमानिक होण्याच्या कागदी अटी थोडक्यात सांगतो. वयाच्या सोळाव्या वर्षी विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान अठरा वर्षे वय व दोनशे तासांचे उड्डाण लागते. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओवरील संभाषणाचा परवाना वेगळा. खर्च आजमितीस अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातो. या सर्व अटी पूर्ण करणारा तरुण कायद्याने वैमानिक ठरतो, जसा एम.बी.बी.एस. उत्तीर्ण झालेला तरुण कायद्याने डॉक्टर ठरतो. पण रात्री दोन वाजता श्वास कोंडलेले मूल समोर आल्यावर त्याचे हात काय करतील, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही, हे आपणा सर्वांना चांगले ठाऊक आहे. ते हात कोठे घडले, हा खरा प्रश्न.

नील आर्मस्ट्राँग यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांची किशोरवयातील नोकरी फार थोड्यांना माहीत असते. ओहायो राज्यातील वापाकोनेटा या लहानशा गावी ते औषधांच्या दुकानात काम करीत. मजुरी तासाला चाळीस सेंट. विमान शिकण्याचे शुल्क तासाला नऊ डॉलर. म्हणजे आकाशातील एका तासासाठी जमिनीवर साडेबावीस तास बाटल्या लावणे, फळ्या पुसणे, गिऱ्हाइकाशी गोड बोलणे! त्याआधी त्यांनी स्मशानभूमीतील गवत कापले होते, बेकरीतही काम केले होते. सोळाव्या वाढदिवशी, १९४६ साली, त्यांना विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना मिळाला. मोटार चालविण्याचा परवाना तेव्हा त्यांच्याजवळ नव्हता. घरी लहान विमानांच्या प्रतिकृती करण्याचा छंद इतका वाढला होता की तळघरात त्यांनी वाऱ्याचा झोत सोडून पंख तपासण्याचा बोगदा स्वतःच बांधला होता.

या हकिगतीतील 'साडेबावीस' हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. ज्याने एक तास विकत घेण्यासाठी साडेबावीस तास घाम गाळला आहे, तो त्या तासातील एकही मिनिट शिक्षकाचे बोलणे अर्धवट ऐकण्यात घालविणार नाही. आमच्याकडे वडिलांनी शेत विकून भरलेल्या रकमेतून उडणाऱ्या मुलाला तो तास स्वस्त वाटण्याची भीती असते. दोष मुलाचा नसतो. त्या तासाची किंमत त्याच्या अंगाला कधी कळलेलीच नसते.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी अमेरिकेत. म्हणून आपल्याच राज्यातील उदाहरण घेऊ. नीमच येथील बसस्थानकाजवळ चहाची टपरी चालविणाऱ्या गृहस्थांची कन्या आंचल गंगवाल. २०१३ साली उत्तराखंडातील महापुरात वायुदलाने केलेले बचावकार्य पाहून तिने वायुदलात जाण्याचे ठरविले. पण ठरविणे आणि पोहोचणे यांच्यामध्ये तिने दोन नोकऱ्या केल्या. प्रथम मध्य प्रदेश पोलिसांत उपनिरीक्षक, नंतर कामगार निरीक्षक. पोलिसांच्या कामात अभ्यासाला वेळ मिळेना, म्हणून तिने दुसरी नोकरी पत्करली. वायुदलाच्या निवडीत ती पाच वेळा अयशस्वी झाली व सहाव्या प्रयत्नात, २०१८ साली, उड्डाण शाखेसाठी निवडली गेली. जून २०२० मध्ये हैदराबादजवळील दुंडिगल येथे ती अधिकारी म्हणून बाहेर पडली. महामारीमुळे आईवडिलांना तो सोहळा घरी बसूनच पाहावा लागला.

वृत्तपत्रांनी 'चहावाल्याची मुलगी' हेच शब्द मोठ्या टाइपात छापले. मला मात्र त्या दोन नोकऱ्यांचे मोल अधिक वाटते. पोलीस ठाण्यात उपनिरीक्षकाला अपुऱ्या माहितीवर, झोपमोड झालेल्या अवस्थेत, चिडलेल्या माणसांसमोर निर्णय घ्यावा लागतो आणि तो घेतल्यावर लिहूनही ठेवावा लागतो. कामगार निरीक्षकाला कारखान्यात जाऊन नियम व वस्तुस्थिती यांतील अंतर पाहायचे असते. कॉकपिटमध्ये याहून निराळे काय असते? आणि टपरीविषयी म्हणाल तर, पहाटे ठरल्या वेळी चूल पेटविणारे वडील ज्या मुलीने रोज पाहिले, तिला वक्तशीरपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

मध्य प्रदेशचीच दुसरी कन्या अवनी चतुर्वेदी. शहडोल जिल्ह्यातील देवलोंद येथे ती वाढली. राजस्थानातील बनस्थली विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत असताना तेथील फ्लाइंग क्लबमध्ये तिने छंद म्हणून काही उड्डाणे केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये मिग-२१ हे लढाऊ विमान एकटीने उडविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. महाविद्यालयात फ्लाइंग क्लब असणे हे आपल्या नशिबी नाही, हे खरे. परंतु एन.सी.सी.ची वायुशाखा नागपुरात आहे, तेथे प्रतिकृती-विमाने करण्याचे शिक्षण दिले जाते, आणि वायुशाखेच्या 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी वायुदलाच्या उड्डाण शाखेत विशेष प्रवेशाची सोय आहे. आमचे पालक एन.सी.सी.कडे दहावीच्या वर्षी 'वेळेचा अपव्यय' म्हणून पाहतात. मग बारावीनंतर धावपळ करीत माझ्याकडे येतात.

आता थोडे सायकलविषयी. विमानाचा शोध ज्यांच्या नावावर आहे ते राइट बंधू डेटन शहरात आधी छापखाना आणि नंतर सायकलचे दुकान चालवीत, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण सायकलवाल्यांनीच ते का करावे, याचा विचार सहसा केला जात नाही. त्यांच्या काळी सॅम्युएल लँग्लींसारखे नामांकित शास्त्रज्ञ आपोआप स्थिर राहील असे विमान शोधत होते. सायकल दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असते की सायकल स्वतः कधीच स्थिर नसते. स्वार तिला क्षणाक्षणाला सावरतो आणि वळताना तिच्यासह झुकतो. विमानही तसेच झुकवून वळवायचे, हे त्या भावांना विद्यापीठाने शिकविले नाही, दुकानाने शिकविले. पंखांच्या आकाराचा पहिला कच्चा अंदाज घेण्यासाठीही त्यांनी सायकलवरच तिसरे आडवे चाक बसवून प्रयोग केला होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडाले त्याचे इंजिनही त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर यांनी घडविले होते. बालाघाटात ज्या मुलाने सायकलच्या दुकानात बसून चाकाचा आऊट काढला आहे, आरा किती ताणायचा व कोठे थांबायचे हे ज्याच्या बोटांना कळते, त्याला मी कोचिंगच्या पहिल्या बाकावरील मुलाच्या बरोबरीने बसवीन.

पतंगाचेही तसेच. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर कन्नी बांधताना दोरा बोटभर वर की खाली, यावर पतंग चढतो की गोते खातो हे ठरते. ढील केव्हा द्यायची आणि खेच केव्हा मारायची हे वारा सांगतो, पुस्तक नव्हे. (नायलॉन मांजाने कापलेल्या पापण्या मी दरवर्षी शिवतो, तेव्हा पतंगाचे हे कौतुक मांजाचे कौतुक समजू नये.)

छंदाने प्राण वाचविल्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र कॅनडातील आहे आणि आपण डॉक्टर मंडळींनी ते मुळातून समजून घ्यावे असे आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ जातीचे नवे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले. इंधन दाखविणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून इंधन मोजून, हिशेब करून भरले गेले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. कॅनडा त्याच सुमारास पौंडांकडून किलोग्रॅमकडे वळत होता. एक लिटर इंधनाचे वजन सुमारे ०.८ किलो, पण हिशेबात आकडा घेतला गेला १.७७, म्हणजे पौंडांचा. परिणामी विमानात २२,३०० पौंड, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते उडाले. कागदावर आकडा बरोबर होता. चुकले होते ते एकक.

मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम यांतील गोंधळाने, किंवा बालकाचे वजन पौंडात नोंदवून किलोच्या हिशेबाने औषध दिल्याने काय होते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. येथे मात्र तो गोंधळ ४१,००० फूट उंचीवर उघड झाला. दोन्ही इंजिने बंद पडली, पडदे काळे झाले. विमानात ६९ माणसे. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे सुट्टीच्या दिवशी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडविण्याचे शौकीन होते. इंजिनाविना विमान कोणत्या वेगाने तरंगते याची त्यांना अंगभूत जाण होती. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी पूर्वी गिमली येथील वायुदलाच्या तळावर नोकरी केली होती. त्यांना तेथील जुनी धावपट्टी आठवली. विमान तेथे पोहोचले तेव्हा ते फार उंच आणि फार वेगात होते. पिअर्सन यांनी ग्लायडरवाले करतात ते केले. सुकाणू एका बाजूला व पंख दुसऱ्या बाजूला कलवून विमान तिरपे घसरू दिले, त्यामुळे वेग न वाढता उंची उतरली. एवढे अवजड प्रवासी विमान असे उतरविण्याची रीत कोणत्याही पुस्तिकेत दिलेली नव्हती. ती धावपट्टी तोवर मोटार-शर्यतींसाठी वापरली जात होती व त्या दिवशी तेथे कुटुंबे जमली होती, हे खाली येईपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. एकही जीव गेला नाही, गंभीर इजाही कोणाला झाली नाही.

या घटनेत मला दोन गोष्टी दिसतात आणि त्या दोन्ही या लेखाच्या विषयात बसतात. एकाचा छंद आणि दुसऱ्याची जुनी नोकरी! दोहोंपैकी एक जरी नसती तरी तो दिवस निराळा उजाडला असता. २००९ साली हडसन नदीत १५५ माणसांसह विमान सुखरूप उतरविणारे कॅप्टन सलेनबर्गर यांनीही तरुणपणी ग्लायडर उडविले होते व शिकविलेही होते. आपल्याकडे पुण्याजवळ हडपसर येथे स्वातंत्र्यानंतर लवकरच ग्लायडिंगचे केंद्र उभे राहिले. प्रवासी विमानाच्या तुलनेत ग्लायडरचे शुल्क नगण्य असते. तरीही मुलाला दोन महिने पुण्याला ग्लायडर शिकायला पाठवावे असे सुचविणारे पालक मला आजवर भेटले नाहीत. कोट्यात वर्षभर राहण्याचा खर्च मात्र सहज निघतो.

आपल्या व्यवसायाशी या विषयाचे नाते आणखी एका अंगाने जुळते. अमेलिया एअरहार्ट या विख्यात वैमानिक महिलेने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस टोरांटो येथील सैनिकी रुग्णालयात परिचारिकांची मदतनीस म्हणून काम केले होते. तेथे जखमी वैमानिक येत. पुढे १९२१ च्या जानेवारीत तिने नेटा स्नूक या महिला प्रशिक्षिकेकडे धडे घेण्यास सुरुवात केली आणि त्यासाठी टेलिफोन कंपनीत नोकरीही केली. रुग्णालय आणि टेलिफोन, या दोन्ही जागी एक गोष्ट शिकावीच लागते. ऐकलेले परत म्हणून दाखविणे! विमानतळाच्या नियंत्रकाने दिलेली उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक वैमानिकाला शब्दशः परत म्हणून दाखवावा लागतो. तसे न झाल्याने अपघात घडले आहेत. आमच्या पिढीचे चांगले कंपाउंडर चिठ्ठीवरील औषध मोठ्याने वाचून मगच बाटलीला हात घालीत. औषधाच्या दुकानात वर्षभर बसलेला मुलगा ही सवय घेऊन बाहेर पडतो, आणि ही सवय पन्नास लाख भरून मिळत नाही.

वैमानिकांकडून आपणही पुष्कळ घेतले आहे. १९३५ च्या ऑक्टोबरात बोईंग २९९ हे नवे बॉम्बफेकी विमान डेटन येथे कोसळले, कारण अनुभवी चालक जमिनीवर सुकाणू जखडून ठेवणारी खीळ काढायला विसरले. त्या अपघातातून उड्डाणपूर्व तपासणी-यादीचा जन्म झाला. शल्यचिकित्सेसाठी तशीच यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली, ती तयार करण्यात डॉ. अतुल गावंडे अग्रभागी होते. त्यांचे वडील आपल्याच विदर्भातले, उमरखेड भागातील उटी या गावचे. जगातील आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक होते, ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. आपल्या गावातील शस्त्रक्रियागृहांत ही यादी भिंतीवर टांगलेली असते. ती मोठ्याने वाचली जाते का, हा प्रश्न मी पुढील बैठकीसाठी राखून ठेवतो.

मोबाईलवरील खेळांविषयी पालक हटकून विचारतात, म्हणून दोन ओळी. १९९४ साली इस्रायलच्या वायुदलाच्या छात्रांवर झालेल्या एका अभ्यासात, लक्ष विभागणे शिकविण्यासाठी मुद्दाम रचलेला संगणक-खेळ खेळलेल्या छात्रांची प्रत्यक्ष उड्डाणातील कामगिरी इतरांहून चांगली आढळली. तो खेळ मर्यादित तास, शिक्षकाच्या देखरेखीखाली खेळविला होता. रात्री दीड वाजता पांघरुणात चाललेल्या खेळाला हा दाखला लावता येत नाही.

येथवर वाचून कोणी असे समजेल की, पतंग उडविला व पंक्चर काढले की मूल वैमानिक झाले. तसे मला म्हणायचे नाही. शंभर मुले पतंग उडवितात आणि त्यांतील एकालाही विमानाचे आकर्षण नसते, हेही ठीकच आहे. शिवाय उड्डाण हा जिवाशी खेळ आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण-विमान आपल्याच जिल्ह्यात, लांजी-किरनापूर भागातील डोंगराळ जंगलात कोसळले व प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी दोघेही मृत्युमुखी पडले. त्या दिवसानंतर काही महिने माझ्याकडे 'पायलटचे डोळे' तपासायला कोणी आले नाही. मग पुन्हा येऊ लागले. भीतीने वाट सोडावी असे मी म्हणत नाही. पण मुलाला त्या वाटेवर पाठविताना त्याची तयारी केवळ पैशाने झालेली नसावी, एवढे म्हणण्याचा अधिकार त्या घटनेने आपणा सर्वांना दिला आहे. तसेच चौदा वर्षांखालील मुलांना कामाला जुंपावे असा अर्थही कोणी काढू नये. कायदा त्याला मनाई करतो आणि ती योग्यच आहे. दहावीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांच्या सुट्टीत, शाळा सांभाळून, घरच्या किंवा ओळखीच्या दुकानात मूल काही काळ कामाला लागले तर त्याचा अभ्यास बुडत नाही, इतकाच माझा आग्रह आहे.

आता डोळ्यांविषयी, कारण त्यावाचून मला सुटका नाही. चष्मा असला म्हणजे नागरी विमानोड्डाणाचे दार बंद होते, हा गैरसमज आहे. चष्म्याने दृष्टी अपेक्षित पातळीवर येत असेल तर नागरी परवाना मिळू शकतो. वायुदलाचे निकष अधिक कडक आहेत. खरी अडचण रंगदृष्टीची असते. लाल व हिरवा यांतील फरक न कळणे हा दोष जन्मजात असतो, मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो आणि आईकडून उतरतो. मामाला असेल तर भाच्याची तपासणी अवश्य करावी. हा दोष असलेल्या मुलाला तो आहे हे स्वतःला बहुधा ठाऊकच नसते, कारण पिकलेला आंबा तो वासाने व मऊपणाने ओळखतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. दीड एकर जमीन विकून त्यांनी दूरच्या एका संस्थेत पहिला हप्ता भरला होता. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, असे त्यांना तेथे कोणी सांगितले नव्हते. पुढे अधिकृत तपासणीत मुलगा रंगदृष्टीवर अडला. 'काही उपाय असेल तर' या आशेने ते आले होते. इशिहाराच्या पुस्तकाची पाने उलटायला मला दोन मिनिटे लागली. उपाय नव्हता. मुलगा गप्प होता. वडील मात्र पुन्हा पुन्हा त्याच पानावरील आकडा स्वतः वाचून मुलाला दाखवीत होते. रक्कम परत मिळाली नाही. तो मुलगा पुढे नागपुरात मोटारींच्या एका कार्यशाळेत कामाला लागला व उत्तम काम करतो, कारण बारावीपर्यंत दर उन्हाळ्यात तो गावच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. विमान मिळाले नाही, तरी हाती असलेले कौशल्य त्याच्याजवळच राहिले. ज्याने छंद, काम, एन.सी.सी. सारे बंद करून केवळ त्या एका परवान्यावर डाव लावला असता, त्याच्याजवळ त्या दिवशी काय उरले असते याचा विचार मला अस्वस्थ करतो.

म्हणून आपल्या संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण जी आरोग्य शिबिरे घेतो, त्यांत आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची रंगदृष्टी-तपासणी समाविष्ट करावी. ही तपासणी केवळ वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांच्याच उपयोगाची नाही. रेल्वेचे इंजिनचालक, नौदल, विद्युत विभागातील काही पदे यांनाही ती लागू आहे. इशिहाराचे पुस्तक माझ्याकडे दोन प्रतींत आहे, एक मी संस्थेला देईन. आपल्यापैकी ज्या सदस्यांची औषधांची दुकाने, प्रयोगशाळा वा रुग्णालये आहेत, त्यांनी उन्हाळ्यात दहावी-बारावी झालेल्या एक-दोन मुलांना महिनाभर मदतनीस म्हणून ठेवावे, त्यांना थोडे मानधन द्यावे, आणि नोंदवही अचूक लिहिण्याचे व ऐकलेले परत म्हणून दाखविण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. शिबिराची तारीख निश्चित करताना शाळांच्या सहामाही परीक्षा टाळाव्यात. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा मला सोयीचा वाटतो. वारासिवनी व लांजी येथील शाळांशी पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी मी घेण्यास तयार आहे.